राज्याचा कायदा आणि गार्डचे ३९ दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्यात लॉ करतोय. अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधिमंडळात तिथल्या सैन्याचं ट्रेनिंग आणि सज्जता आधुनिक करायचं बिल आलंय असं वाचलं. पण सैन्य तर केंद्राचा विषय ना? मग राज्य त्यावर कायदा कसा करतं, आणि केला तरी प्रत्यक्षात काही फरक पडतो का? शिवाय माझा मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो, नोकरी न्यूयॉर्कला, तो नॅशनल गार्डमध्ये जायचं म्हणतोय, त्याला काय सांगू?"

मी मूळचा सांगलीकडचा. अमेरिकेत आल्यावर आर्मी नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे आपापली नोकरी सांभाळून महिन्यातून एक वीकेंड ट्रेनिंग (त्यालाच ड्रिल म्हणतात) घेणाऱ्या राज्याच्या सैन्यात, २२ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ रेडिनेस एनसीओ म्हणून. म्हणजे कंपनीतला तो पूर्णवेळ सार्जंट, जो महिनाभर आर्मरीत, म्हणजे युनिटच्या बिल्डिंगमध्ये, बसून पुढच्या ड्रिलची तयारी करतो, कुणाची मेडिकल राहिली, कुणाचे दात दाखवायचे राहिले, रेंज मिळाली का, बस मिळाली का, दीडशे जणांचं जेवण कुठून येणार. राज्याच्या विधिमंडळाच्या कमिटीसमोर दोनदा साक्षही दिलीय. माझ्या राज्याचं नाव घेत नाही कारण खाली काही तक्रारी येणार आहेत.

आधी तुमची मूळ शंका. तुम्ही भारताच्या सवयीने बघताय आणि भारतापुरतं ते बरोबरच आहे, आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत सैन्य संघसूचीत आहे, राज्याला तिथे हात घालायला जागाच नाही. महाराष्ट्राकडे होमगार्ड आहेत १९४७ च्या मुंबई कायद्याखालचे, एसआरपीएफ आहे, पण ते सैन्य नव्हे. टेरिटोरियल आर्मी गार्डला त्यातल्या त्यात जवळची, पुण्यात कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीच्या टीए बटालियन आहेत, पण तीसुद्धा १९४८ च्या केंद्राच्या कायद्यावर चालते. आपल्याकडे राज्यांची म्हणावी अशी सैन्यं होती ती संस्थानांची. कोल्हापूर, बडोदा, हैदराबादच्या पलटणी विलीनीकरणात भारतीय सैन्यात आल्या, काही मराठा लाइट इन्फंट्रीत गेल्या आणि तो विषय तिथे संपला.

अमेरिकेत क्रम उलटा आहे. आधी राज्यांच्या पलटणी, मागून देश. १३ डिसेंबर १६३६ ला मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या जनरल कोर्टाने, म्हणजे तिथल्या विधिमंडळानेच, गावोगावच्या मिलिशिया, म्हणजे नागरिक-सैनिकांच्या, कंपन्या एकत्र करून तीन रेजिमेंट बनवल्या. गार्ड आजही आपला वाढदिवस हाच मानतो. देश जन्माला यायच्या १४० वर्षं आधीची गोष्ट. म्हणजे "सैन्याचं ट्रेनिंग सुधारायचा राज्याचा कायदा" हा काही नवा शोध नाही, गार्डची सुरुवातच तशा कायद्याने झालीय. पुढे घटना लिहिताना यावर भांडण झालं आणि पहिल्या कलमाच्या आठव्या भागात तोडगा निघाला: मिलिशियाची रचना, शस्त्रं आणि शिस्त काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) ठरवायची, पण अधिकारी नेमायचा आणि काँग्रेसने ठरवलेल्या शिस्तीप्रमाणे ट्रेनिंग द्यायचा अधिकार राज्यांकडे राखून ठेवला. लॉ करताय तर हे वाक्य पाठच करा. काय शिकवायचं ते वॉशिंग्टन ठरवणार, शिकवणार राज्य. गेली सव्वादोनशे वर्षं या दोघांच्या मधल्या फटीत सगळी बिलं येतायत.

ही फट किती महागात पडते ते १८९८ ला दिसलं. १७९२ च्या मिलिशिया कायद्यात सगळं नागरिकांवर सोडलेलं, बंदूकसुद्धा ज्याची त्याने आणायची, केंद्राचा पैसा नाही, तपासणी नाही. काही राज्यांनी मनावर घेतलं, बऱ्याच राज्यांत वर्षातून एकदा परेड आणि जेवण एवढंच उरलं. स्पेनशी युद्ध सुरू झालं तेव्हा नियमित सैन्याकडे बिनधुराच्या काडतुसांच्या नव्या रायफली होत्या आणि राज्यांकडून आलेल्या बहुतेक रेजिमेंटांकडे काळ्या दारूच्या एकेरी स्प्रिंगफील्ड. क्यूबात एल केनीच्या लढाईत दुसऱ्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटने गोळ्या झाडल्या की धुराचा ढगच उठायचा आणि समोरच्याला नेम धरायला तो पुरेसा असायचा, शेवटी त्यांना मागे घ्यावं लागलं. त्या युद्धात गोळीपेक्षा छावण्यांतल्या टायफॉइडसारख्या आजारांनी जास्त माणसं गेली. छावणी कशी लावायची, पाणी आणि संडास किती लांब ठेवायचे हेही ट्रेनिंगच असतं, ते कुणी दिलंच नव्हतं.

त्यातून १९०३ चा डिक कायदा आला. चार्ल्स डिक हा ओहायोचा काँग्रेसमन, आणि स्वतः ओहायो गार्डचा अधिकारी, क्यूबाला जाऊन आलेला, त्यामुळे कायदा अनुभवातून लिहिलेला आहे. राज्यांना केंद्राकडून शस्त्रं आणि पैसा, बदल्यात वर्षाला २४ ड्रिल, ५ दिवसांचा कॅम्प आणि नियमित सैन्याच्या अधिकाऱ्याकडून तपासणी. १९१६ ला ते आकडे ४८ ड्रिल आणि १५ दिवस असे वाढवले आणि ड्रिलचा पगार सुरू केला. आता हे नीट बघा: १९१६ चे ते ४८ आणि १५ आजही कायद्यात किमान म्हणून तसेच आहेत. ड्रिल म्हणजे निदान चार तासांचं एक सत्र, एका वीकेंडला चार सत्रं बसतात, म्हणजे ४८ ड्रिल म्हणजे २४ दिवस, अधिक १५, एकूण ३९. तेव्हाच्या गार्डला रायफल, संगीन आणि चालणं शिकायचं होतं. आजच्या गार्डला ड्रोन, नाइट व्हिजन, डिजिटल रेडिओ, रासायनिक हल्ल्यापासून बचाव, पूर, वणवा, दंगल, वर सायबर, आणि दिवस तेच ३९.

त्या ३९ मधला एक दिवस दाखवतो. नोव्हेंबरचा शनिवार. साडेसहाला फॉर्मेशन, हजेरी. दोघे नाहीत, एकाला मॅनेजरने शिफ्ट लावलीय आणि तो घाबरून गप्प राहिला, दुसऱ्याची गाडी बंद पडलीय. सात वाजता आर्म्स रूम उघडली, एकेक रायफल सिरियल नंबर वाचून, सही घेऊन द्यायची, शंभरावर रायफली, साडेआठ वाजले. नऊला बस सुटली, आमच्याकडून रेंज अडीच तास. पोचल्यावर सेफ्टी ब्रीफिंग, दारूगोळा मोजून घेणं, रेंज कंट्रोलची परवानगी. पहिली गोळी सुटली तेव्हा दुपारचा एक वाजलेला. साडेचारला उजेड गेला. मग काडतुसांच्या पुंगळ्या वेचणं, मोजून परत करणं, बस, रात्री साडेआठला आर्मरी, मग रायफली साफ करून परत तेच सिरियल नंबर. चौदा तासांचा दिवस आणि त्यात नेमबाजीला साडेतीन तास, तेही शंभर जणांत वाटून. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाहीये, त्या दिवशी सगळ्यांनी मनापासून काम केलं होतं. सज्जता कुठे गळते ते कळावं म्हणून सांगतोय. रायफल उत्तम होती, शिकवणारा सार्जंट उत्तम होता, कमी पडला तो वेळ.

माझं म्हणणं एवढंच आहे. रणगाडा, रायफल, हेलिकॉप्टर, अभ्यासक्रम, फिटनेसचे निकष, हे सगळं वॉशिंग्टनहून येतं, त्यात राज्याच्या विधिमंडळाला काही करता येत नाही आणि करायची गरजही नाही. पण सैनिकाचा वेळ राज्याच्या कायद्याच्या हातात असतो. त्याची नोकरी, कॉलेज, तो जिथे ट्रेनिंग घेतो ती बिल्डिंग, ती रेंज, ड्यूटीवर गुडघा मोडला तर घर कसं चालणार. कुठलंही मॉडर्नायझेशनचं बिल हातात आलं की मी एकच गोष्ट शोधतो, यातून त्या ३९ दिवसांतला एक तास तरी वाचतोय का.

कमी वेळाची किंमत किती मोठी असते त्याचं उदाहरण जॉर्जियाच्या ४८ व्या इन्फंट्री ब्रिगेडचं. कागदावर ही ब्रिगेड नियमित सैन्याच्या २४ व्या डिव्हिजनची पूरक होती, युद्ध झालं की सोबत जाणार असं ठरलेलं. कुवेतच्या युद्धाच्या वेळी डिव्हिजन गेली, गार्डची ब्रिगेड मात्र मागे राहिली. ३० नोव्हेंबर १९९० ला बोलावलं, मग कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विनला वाळवंटात नेऊन सराव, त्यात रणगाड्यांची देखभाल, स्टाफचं काम, एकत्र हालचाल यातले कच्चे दुवे एकेक करून बाहेर आले, आणि ब्रिगेडला "लढायला तयार" हा शिक्का मिळाला २८ फेब्रुवारी १९९१ ला. त्याच दिवशी युद्ध थांबलं. ती माणसं नालायक नव्हती, मी त्यांच्यातल्या एकाच्या हाताखाली पुढे शिकलोय, इतका बारकाईने शिकवणारा माणूस पुन्हा भेटला नाही. वर्षाला ३९ दिवसांत ब्रिगेडच्या पातळीचं काम जमत नाही, हे तिथे सिद्ध झालं. सेक्शन आणि प्लाटून अशा छोट्या तुकड्यांच्या पातळीचं जमतं, पण ते ३९ दिवस खरोखर ३९ मिळाले तरच.

आता राज्याकडे काय काय आहे ते समजायला तीन प्रकारच्या ड्यूट्या माहीत पाहिजेत. टायटल १० (टायटल म्हणजे केंद्राच्या कायदेसंहितेचा भाग): राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाखाली, परदेशी वगैरे, पूर्ण केंद्र. टायटल ३२: पैसा केंद्राचा, हुकूम गव्हर्नरचा, महिन्याचं ड्रिल आणि वार्षिक कॅम्प यातच येतं. तिसरी स्टेट अॅक्टिव्ह ड्यूटी: गव्हर्नरने बोलावलं, पैसा राज्याचा, कायदा राज्याचा. पूर, बर्फ, वणवा, पहिले काही दिवस बहुधा हीच. सैनिक तोच, गणवेश तोच, ट्रक तोच, पण ऑर्डरवर कुठला कायदा लिहिलाय त्यावरून त्याचा पगार, विमा, नोकरीचं संरक्षण, शिस्तीचे नियम सगळं बदलतं. शिस्तीचंच घ्या, फेडरल मिलिटरी जस्टिस टायटल १० मध्येच लागू होते, बाकी वेळी राज्याचा कोड. तो जुना असेल तर ड्रिल चुकवणाऱ्यावर काय करायचं हेच कमांडरला कळत नाही. नॅशनल गार्ड ब्युरोने राज्यांसाठी एक मॉडेल कोड बनवून ठेवलाय, ज्यांनी तो घेतला त्यांचं काम सोपं झालं.

नोकरीचं बघा. १९९४ चा फेडरल कायदा, यूसेरा म्हणतात त्याला, ट्रेनिंगला गेलेल्याची नोकरी राखतो. पण स्टेट अॅक्टिव्ह ड्यूटी त्यात नव्हतीच. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीने ती आली, तीही १४ दिवस किंवा जास्त असेल, नाहीतर केंद्राने आणीबाणी किंवा मोठी आपत्ती जाहीर केली असेल तर. म्हणजे चार दिवसांच्या बर्फाच्या ड्यूटीला आजही राज्याचाच कायदा. आणि राज्याचा कायदा लिहिणाऱ्याने "या राज्याच्या गार्डचा सदस्य" असं लिहिलं असेल तर शेजारच्या राज्याच्या गार्डमध्ये असलेला पण या राज्यात नोकरी करणारा माणूस उघडा पडतो. एका ओळीची दुरुस्ती आहे, "कोणत्याही राज्याच्या गार्डचा". बऱ्याच राज्यांनी ती केलीय. तुमच्या मावसभावाचा प्रश्न नेमका इथे येतो, त्यावर शेवटी येतो.

दुखापतीचं मी स्वतः पाहिलंय आणि ते अजून डोक्यातून जात नाही. पुराची ड्यूटी, स्टेट अॅक्टिव्ह, रात्री दोनला वाळूच्या पिशव्या उतरवताना आमच्या मॉर्टर (उखळी तोफ) सेक्शनचा गनर ट्रकवरून घसरला, गुडघ्याचा लिगामेंट गेला. तो सिव्हिलियन आयुष्यात इलेक्ट्रिशियन, हातात चांगलं कमावणारा. ड्रिलवर पडला असता तर केंद्राकडून उपचार आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई मिळायचा मार्ग होता. पण ड्यूटी राज्याची, म्हणून राज्याचा वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामावरच्या दुखापतीच्या भरपाईचा कायदा, आणि आमच्या तेव्हाच्या कायद्यात भरपाईचा हिशोब त्या ड्यूटीच्या रोजावर, त्याच्या खऱ्या कमाईवर नाही. चार महिने शिडीवर चढता येईना, घराचा हप्ता थकला, बायको मला फोन करून विचारायची सार्जंट काय करायचं सांगा, आणि माझ्याकडे फॉर्मशिवाय काही नव्हतं. करार संपल्यावर त्याने सही केली नाही. नऊ वर्षं शिकवून तयार केलेला गनर गेला, त्याच्या जागी आलेल्या पोराला तिथपर्यंत पोचायला किती ड्रिल लागली असतील याचा हिशोब करा. कमिटीत लोक "रिटेन्शन" म्हणतात ते हे. दोन वर्षांनी कायदा बदलला, ड्यूटीचा रोज आणि सिव्हिलियन कमाई यात जे जास्त ते धरायचं. त्या बिलाच्या नावात रेडिनेस हा शब्दही नव्हता, पण माझ्या २२ वर्षांत सज्जतेसाठी झालेला सगळ्यात कामाचा कायदा तो.

बिल्डिंगचं तसंच. आर्मरी राज्याची मालमत्ता असते, नवीन रेडिनेस सेंटर बांधायचं तर साधारण ७५ टक्के केंद्र आणि २५ टक्के राज्य, जमीन राज्याची, आणि देखभालीतही राज्याचा वाटा ठरलेला. राज्याने आपला वाटा बजेटमध्ये टाकला नाही तर केंद्राचे पैसे येत नाहीत, रांगेत पुढचं राज्य उचलतं. आमची आर्मरी शंभर वर्षं जुनी, बाहेरून किल्ल्यासारखी देखणी, आत एक भलामोठा ड्रिल हॉल, आणि दरवाजे त्या काळच्या गाड्यांच्या उंचीचे, त्यामुळे नवीन ट्रक चाळीस मैलांवर दुसऱ्या गावात उभे. बायकांसाठी एकच बाथरूम, तेही ऑफिसच्या मजल्यावर. एका वर्षी केंद्राकडून नेमबाजीचा सिम्युलेटर आला, म्हणजे मोठा पडदा, हवेच्या दाबाने धक्का देणाऱ्या खऱ्या वजनाच्या रायफली, प्रत्येक गोळी कुठे गेली, ट्रिगर ओढताना हात हलला का, सगळं स्क्रीनवर दिसतं. रेंजला न जाता आर्मरीतच सराव. आमच्यासाठी सोनंच. पण त्याला वेगळी वायरिंग आणि थंड कोरडी खोली लागते, आणि भिंतीतली वायर राज्याची. दोन वर्षं ती मशीन खोक्यात पडून होती, मी दर महिन्याला खोक्यांवरची धूळ पुसून इन्व्हेंटरीत टिक करायचो. पहिल्यांदा साक्षीला गेलो तेव्हा एका सभासदाने कळकळीने विचारलं, तुम्हाला कुठली शस्त्रं कमी पडतायत? मी म्हटलं, सर, शस्त्रं आहेत, एका खोलीचं वायरिंग पाहिजे. पुढच्या बजेटमध्ये दुरुस्तीचे पैसे आले, मागितले त्यापेक्षा कमी, पण आले. सिम्युलेटर चालू झाल्यावर नवी पोरं रेंजला जायच्या आधी दोन-तीन ड्रिल त्यावर घासून जायची आणि ते साडेतीन तास पुरायला लागले.

रेंजचा विषय अवघड आहे, तिथे सरळ उत्तर नाही. मॅसॅच्युसेट्सचा कॅम्प एडवर्ड्स बघा, केप कॉडवर. तिथे अनेक दशकं तोफा आणि मॉर्टर चालले, आणि खाली त्या भागाच्या पिण्याच्या पाण्याचा एकमेव भूजलसाठा. स्फोटकांचे अंश पाण्यात सापडले, १९९७ ला ईपीएने, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, तोफा, मॉर्टर आणि शिशाच्या गोळ्या थांबवल्या. मग शिशाऐवजी टंगस्टनच्या गोळ्या आणल्या तर टंगस्टनही जमिनीत उतरतोय असं दिसलं, २००६ ला त्याही बंद. मधे २००२ ला राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तिथली सुमारे १५,००० एकर जमीन पाणी आणि वन्यजीवांसाठी राखीव केली आणि त्याच जमिनीवर, पाणी सांभाळून, ट्रेनिंगलाही जागा ठेवली, वर देखरेखीला राज्याचं एक कमिशन बसवलं. मला हा कायदा फार महत्त्वाचा वाटतो, कारण ट्रेनिंगवरचा राज्याचा अधिकार नेहमी "जास्त ट्रेनिंग" असाच वापरला जात नाही, लोकांच्या विहिरी वाचवायलाही तोच वापरावा लागतो. त्याची किंमत सैनिक देतात, मशीनगनच्या पात्रता चाचणीला तिथल्या पोरांना व्हर्मॉंटपर्यंत जावं लागलंय, म्हणजे वीकेंडचा अर्धा वेळ रस्त्यावर. नवीन मशीनगन रेंजचा प्रस्ताव आला तेव्हा आसपासच्या गावांनी जोरदार विरोध केला. मी सार्जंट म्हणून रेंजच्या बाजूचा, पण तिथे माझं घर असतं तर मीही त्या मीटिंगला हात वर करून उभा राहिलो असतो.

कॉलेजची फी हा राज्यांचा जुना आणि चांगला मार्ग आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कॉलेजात गार्डच्या सदस्यांना माफी, टेनेसीने २०१७ ला स्ट्राँग नावाचा कायदा करून फीची मदत सुरू केली. यावर जास्त बोलत नाही, एवढंच की पोरगं शिकायला म्हणून येतं आणि शिकत असेपर्यंत ड्रिल चुकवत नाही, हे मी दरवर्षी पाहिलंय.

नव्या प्रकारच्या कायद्यांत मला ओहायोचा आवडला. २०१९ ला त्यांनी सिनेट बिल ५२ करून सायबर रिझर्व्ह उभा केला, अॅडज्युटंट जनरलच्या, म्हणजे राज्याच्या गार्डप्रमुखाच्या, हाताखाली, पण त्यातले लोक सिव्हिलियन, बँकेत-कंपनीत सिक्युरिटीचं काम करणारे, गावाची किंवा शाळेची सिस्टिम रॅन्समवेअरने बंद पडली की गव्हर्नर त्यांना बोलावू शकतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेक्सासात वीसहून जास्त छोट्या सरकारी कार्यालयांवर एकाच वेळी असा हल्ला झाला होता आणि राज्याच्या मिलिटरी डिपार्टमेंटची माणसं मदतीला गेली होती, त्यामुळे गरज खरी आहे. इथे राज्याने केंद्राच्या साच्याची वाट पाहिली नाही. फ्लोरिडाचं मात्र मला थांबून बघावंसं वाटतं. त्यांचा स्टेट गार्ड १९४७ ला बंद झालेला, २०२२ ला एक कोटी डॉलर आणि ४०० माणसांची मंजुरी देऊन परत सुरू केला, २०२३ ला मर्यादा १५०० वर नेली. असे स्टेट गार्ड पूर्ण राज्याचे, केंद्र त्यांना बाहेर पाठवू शकत नाही, म्हणजे नॅशनल गार्ड परदेशी गेलेला असताना चक्रीवादळात माणसं हाताशी राहतात हा फायदा आहेच. पण त्यांच्या ट्रेनिंगचा निकष ठरवणारं वॉशिंग्टनही मागे नाही, तेव्हा तो कायद्यात लिहिला पाहिजे, कुठलं काम, किती दिवस, तपासणी कोण करणार. १८९८ च्या आधी नेमकं हेच लिहिलेलं नव्हतं.

मर्यादा कुठे लागते तेही सांगतो, परीक्षेला उपयोगी पडेल. १९८० च्या दशकात काही गव्हर्नरांनी गार्डला मध्य अमेरिकेत ट्रेनिंगला पाठवायला हरकत घेतली. काँग्रेसने १९८६ ला माँटगोमेरी दुरुस्ती करून सांगितलं की जागा, हेतू, प्रकार किंवा वेळापत्रक आवडलं नाही म्हणून परदेशातल्या ट्रेनिंगला संमती नाकारता येणार नाही. जानेवारी १९८७ ला मिनेसोटाच्या गार्डमधले काही होंडुरासला गेले, गव्हर्नर रूडी पर्पिच कोर्टात गेले, त्यांचं म्हणणं तेच, घटनेने ट्रेनिंग राज्याकडे राखलंय. १९९० ला सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या विरोधात निकाल दिला. कारण १९३३ पासून गार्डचा प्रत्येक सैनिक राज्याच्या गार्डसोबत केंद्राच्या राखीव दलातही भरती असतो, फेडरल ड्यूटीवर बोलावलं की तेवढा काळ तो राज्याचा मिलिशिया राहत नाही. गार्डच्या सैनिकांवरच्या कोविड लसीच्या सक्तीवरून हेच भांडण परत निघालं, डिसेंबर २०२१ ला ओक्लाहोमा फेडरल कोर्टात हरलं, आणि २०२३ ला टेक्सासच्या केसमध्ये अपील कोर्टाने गव्हर्नरच्या बाजूने कौल दिला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा, १७८७ च्या त्या एका वाक्यावर अजून किती मतभेद आहेत ते दिसेल.

तुम्ही जे बिल वाचलंत त्याचं नाव बाजूला ठेवा आणि शेवटचं पान उघडा, जिथे पैशांची तरतूद असते. तरतूद नसेल आणि मजकुरात "अभ्यास समिती" असेल तर ते या वर्षी कुणाचा तास वाचवणार नाही. तरतूद असेल तर ती देखभालीला आहे की नव्या गोष्टीला ते बघा. व्याख्येचा भाग वाचा, स्टेट अॅक्टिव्ह ड्यूटी त्यात धरलीय का. आणि जिथे राज्याच्या मोहिमा महिनोन्महिने चालतात, टेक्सासने २०२१ पासून सीमेवर हजारो गार्ड ठेवले तसं, तिथे ट्रेनिंगचे दिवस भरून काढायची सोय आहे का ते जरूर शोधा. कुंपणाशी उभा असलेला मॉर्टरवाला त्या काळात मॉर्टर विसरत असतो.

आता मावसभाऊ. ग्रीन कार्डवर सैनिक म्हणून भरती होता येतं, अधिकारी व्हायचं तर नागरिकत्व लागतं. त्याचं घर न्यू जर्सीत आणि नोकरी न्यूयॉर्कला, म्हणून सही करायच्या आधी त्याने दोन राज्यांचे कायदे बघायचे: गार्ड न्यू जर्सीचा असेल तर स्टेट अॅक्टिव्ह ड्यूटीला बोलावल्यावर न्यूयॉर्कच्या मालकावर काय बंधन आहे. रिक्रूटरला हे तोंडी विचारू नका, राज्याच्या गार्डचं जज अॅडव्होकेटचं (सैन्यातल्या वकिलाचं) ऑफिस असतं, तिथून लेखी घ्या. फीची मदत आधी मिळते की आपण भरून मग परत मिळते, आणि सेमिस्टरमध्ये ड्यूटी लागली तर काय, हेही. आरोग्य विमा नोकरीतून नसेल तर गार्डचा ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट स्वस्तात मिळतो, पहिल्याच ड्रिलला फॉर्म भरायचा. आणि ज्या युनिटला जाणार त्याची आर्मरी कुठे आहे, रेंज किती तासांवर आहे, हे एका शनिवारी स्वतः गाडी काढून बघून यायचं. तिथला रेडिनेस एनसीओ बहुतेक ऑफिसात असेल, दार वाजवलं तर चहा नाही पण कॉफी देईल आणि खरं काय ते सांगेल.